शनिवारचा पगार

"आता शनिवारी पगार मागायचा नाही. महिन्याचा एकदम मिळंल, एक तारखेला, कचेरीतल्या लोकांसारखा," मालक म्हणाले आणि मागांच्या खडखडाटात पाठ फिरवून चालू लागले.

सुताच्या कांड्या भरणाऱ्या मालनचं डोकंच फिरलं. कचेरीतल्या लोकांसारखा म्हणे! इचलकरंजीतलं तिचं अख्खं घर शनिवारवर चालत होतं. दूधवाला शनिवारी यायचा, भिशी शनिवारची, किराणाही शनिवारीच भरायचा. हे सगळे काय एक तारखेपर्यंत हाताची घडी घालून बसणार होते?

ती तरातरा त्यांच्यामागं गेली. "मालक, मग तुमच्या चाळीतल्या खोलीचं भाडंबी एक तारखेलाच घ्या. शनिवारी माणूस धाडू नका."

"भाड्याचा इथं काय संबंध? ते शनिवारीच पाहिजे."

"का म्हणून?"

शेजारचा माग थांबला. मग पलीकडचा. विणकर कान देऊन ऐकत होते. मालकांचं तिकडं लक्षच नव्हतं, ते तिच्यावर खेकसले, "अगं, दर आठवड्याला हातात पैसा नको का पडायला? महिनाभर थांबून माझं घर कसं चालायचं?"

तेवढ्यात शेवटचा मागही थांबला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये नुसता पंख्याचा आवाज राहिला.

मालननं पदर कमरेला खोचला.

"मालक, हेच पुन्हा एकदा सांगा," ती म्हणाली. "मघाशी माग चालू होते. समद्यांना ऐकू आलं नसंल."