अर्धी भाकरी

जगात माणसं फार वाढलीत, पुढं सगळ्यांना अन्न पुरणार नाही, असं बाईंनी वर्गात सांगितलं. त्या दिवसापासून सात वर्षांची ईश्वरी ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायला लागली. तिच्या आईला, निकिताला आधी वाटलं, पोरीचं पोट दुखतंय. खोदून खोदून विचारलं, तेव्हा गरोदर आईच्या पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "आपल्या बाळाला कमी नको पडायला."

निकिताला हसू फुटलं. "अगं येडे, बाजरी लई हाय आपल्या घरात. तू जेव पोटभर," म्हणत तिने लेकीला कुशीत ओढलं. पण पोरगी ऐकेल तर शपथ.

पुढच्या महिन्यात श्रीरामपूरच्या दवाखान्यात निकिताला मुलगा झाला, पण तो रडलाच नाही. ती रिकाम्या हातांनी घरी आली. ईश्वरीने रिक्षात वाकून वाकून पाहिलं. बराच वेळ ती दाराशी उभी राहिली, मग आईजवळ येऊन तिच्या कानात हळूच म्हणाली,



"आई, मी पाव भाकरीच खाईन. आता तरी आण ना त्याला."