दाण्याची शपथ

दुष्काळ हटेपर्यंत दाण्याची दारू पिणार नाही, अशी शपथ सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब यांनी बायकोसमोर, मथुराबाईंसमोर, घेतली आणि त्यांची आवडती मक्याची बर्बन व्हिस्की सुटली. अमेरिकेत शिकून आलेल्या दिनकरने, त्यांच्या पुतण्याने, टकीला आणली.

"घायपाताची आहे, आण्णा. हिच्यात दाणा एकही नाही."

"आपल्या बांधावरचं घायपात?"

"त्याच्याच कुळातलं."

मथुराबाईंनी नाइलाजानं मान डोलावली. आण्णासाहेबांनी घोट घेतला. "आरं, ही तर थेट बर्बनवानी लागती!"

"लागणारच. तुमच्यासाठी मुद्दाम निवडली. बर्बनच्या जुन्या पिंपात मुरवलेली आहे."

"मंजी मका शिवलाच की हिला," म्हणत मथुराबाईंनी पेला काढून घेतला.

आण्णासाहेब दिनकरकडे वळले.

"तुला शिकायला म्याच धाडलं व्हतं न्हाय रं?"