अस्सल नेपाळी

दुबईतल्या त्या हॉटेलावर ‘अस्सल नेपाळी जेवण’ अशी पाटी होती आणि आत सैपाक करायचा वणीचा मुख्तार. मालकाची ताकीद होती, गिऱ्हाइकानं विचारलं तर काठमांडूचा सांगायचं, नाहीतर बोऱ्याबिस्तर बांधून घरी जायचं. पोटासाठी दोन वर्षं तो गुमान नेपाळी होऊन राबत होता.

त्या दुपारी वणीशेजारच्या मारेगावचे पुंडलिकराव आणि तानाबाई तिथं जेवायला बसले. दुबई पाहायला आलेलं जोडपं. वऱ्हाडी बोली कानावर पडली आणि मुख्तारचा जीव कासावीस झाला. वाढायचं काम वेटरचं, तरी भाताचं पातेलं आणि चटणी घेऊन तो एप्रनवरच स्वतः बाहेर आला.

“बेटा, तेरे हाथ को चव है,” तानाबाई मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या. “और थोडी चटणी दे.” मग नवऱ्याकडे वळल्या, “किती वाळला हो हा पोरगा! घरी याची माय वाट पाहत असन.”

मुख्तारच्या जिभेवर ‘काकू’ आलंच होतं. नोकरी गेली तर गेली, अशा माउलीशी खोटं कायले बोलायचं?

तेवढ्यात पुंडलिकराव ढेकर देत बायकोला म्हणाले, “दोन दिवस फळं खाऊन काढले, पण मुसलमानाच्या हातचं खाल्लं नाही. हे नेपाळ्याचं हॉटेल भेटलं म्हणून धरम वाचला, पाह्य.”

 

मुख्तारनं त्यांच्या ताटात डावभर चटणी वाढली आणि गल्ल्यावरच्या मालकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “काका, मी वणीचा मुख्तार. सैपाक माह्याच हातचा हाय. आता गिळायचं का थुकायचं, तुमचं तुम्ही पाहा.”