दौलतरावांचा कान

साल १९६८. कराडचे दौलतराव जुन्या मोटारींच्या इंडिकेटरचे फ्लॅशर, म्हणजे टिकटिक करत दिवा लुकलुकवणाऱ्या डब्या, नुसत्या टिकटिकीवरून ओळखत. सहा व्होल्टचा की बाराचा, ते त्यांचा कान सांगे.

डॉक्टर गद्र्यांच्या गाडीत फ्लॅशर बसवून ते म्हणाले, “ऐका, कसा वाजतोय!”

“मला काही ऐकू येईना.”

“तुम्ही नाडी बघा डॉक्टर, टिकटिक माझ्यावर सोडा.”

गाडीमागे उभ्या दौलतरावांच्या पत्नीला, अनसूयाबाईंना, दिवा लुकलुकताना दिसेना. तो नुसताच पेटून राहिला होता. नवऱ्याचा कान गेल्याचं त्यांना महिन्यापासून ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकासमोर त्यांची लाज कशी काढायची? त्यांनी बाजूला सरून गाडीला वाट करून दिली.

संध्याकाळी इशारा न कळलेल्या ट्रकने वळणारी गाडी चिरडली. डॉक्टर जागीच गेले. ट्रकवाल्याला शिक्षा झाली. दौलतराव कानाच्या बढाया मारतच वारले. अनसूयाबाई अजून आहेत. त्यांना कुणी कधी विचारलंच नाही.