कोरडा काप

"हे पांढरं काय फुटलंय?" सोंग नावाच्या मुकादमाने वाकून फूटपाथच्या फरशीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "मीठ?"

ग्योंगथेने बायकोकडे पाहिलं. दोकसुन केटली पाठीमागे लपवून उभी होती. नवऱ्याने दगड कापायचा आणि हिने कटरच्या पात्यावर पाण्याची धार धरायची, यातच दोघांचा जन्म गेला. धार असली की धूळ फारशी उडत नाही, चिखल होऊन वाहून जाते. पण डिसेंबरात पाणी पडल्या पडल्या गोठतं. म्हणून बाईंनी अक्कल चालवली, किमचीचा कोबी भिजवून उरलेलं खारं पाणी घरून आणलं. ते गोठलं नाही खरं, पण ग्रॅनाइटने पोटात घेतलं आणि रात्रीतून झाडांभोवतीच्या सगळ्या फरश्यांवर मीठ वर आलं.

"काकू, फूटपाथ मुरवायला घातलाय का? उद्या साहेब बघायला येणार. या सगळ्या काढा, नव्या कापा. आणि पाण्याचा थेंब नकोय मला. परवा एक आजोबा इथेच गोठलेल्या पाण्यावर आपटले."

"कोरड्याने कापलं तर यांची छाती..."

"मग मी दुसरी जोडी बघतो."

तसा माणूस वाईट नव्हता. वर्ष सरायच्या आत उरलेला निधी संपवायला धडधाकट फूटपाथ उखडून नवा घालायचा, हे त्यालाही वरूनच आलेलं.

ग्योंगथेने छिन्नी काढली. जुनी रीत. रेघ आखायची, चारी अंगांनी ठोकत न्यायची, मग फरशी उलटून पाठीत एक टोला. दगड आपणहून दुभंगतो, धुळीचा ढग उठत नाही. पण एक अंग ठोकून व्हायच्या आतच त्याच्या छातीचा भाता चालू झाला. हातोडा मांडीवर ठेवून तो तोंडाने हवा ओढत बसला. आता चिमूटभर धूळही चालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं.

दोकसुनने कटर उचलला. "घाण मी केली, मीच निस्तरते."

"तुला नाही जमायचं."

"नजर रेघेवर ठेवायची, हातावर नाही. रोज ऐकतेय की! सरका."

त्याने उठून तिच्या नाकातोंडावर मफलर बांधला, वर आणखी एक गाठ मारली. कापडाने ही धूळ अडत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी बांधला. मशीन तिच्या हातातून काढून घ्यावं एवढा दम त्याच्यात उरला नव्हता. त्याला स्वतःची किळस आली.

कटर किंचाळला. पांढऱ्या लोटात तिची नुसती वाकलेली पाठ दिसत राहिली.

थोड्या वेळाने मुकादमाने तिने कापलेली फरशी झाडाच्या बुंध्याशी बसवून पाहिली. फटीत नख जाईना.

"अहो काका, काकूंना इतकी वर्षं नुसतं पाणी धरायला ठेवलंत? यांचा हात तुमच्याहून सरळ आहे! आता मशीन यांच्याकडेच."

दोकसुन लाजली. तिच्या कामाला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. पापण्या, भुवया, केस सगळं पांढरं झालेलं. तिने मफलर हनुवटीखाली ओढला आणि त्या धुळीतच उभी राहून खदखदून हसली.

"तोंड मीट," ग्योंगथे म्हणाला. घशातून नुसती हवाच आली. "अगं, आधी तोंड मीट."