बसलेली गाय

“दमली असेल गं ती. बसू दे तिला.”

चित्रातल्या बाकीच्या गायी चरतायत, मग ही एकटीच का बसलीय, असं लेकीने लहानपणी विचारलं तेव्हा आई एवढंच म्हणाली होती.

आता लेक जुनी चित्रं स्वच्छ करायचं काम करायची. आज आईनेच काढलेलं ते तैलचित्र टेबलावर आडवं ठेवून ती कापसाच्या बोळ्याने पिवळं पडलेलं व्हार्निश उतरवत होती. कुरण हिरवंगार झालं, ओढा चमकला, चरणाऱ्या गायी न्हाऊन निघाल्या. आई मात्र दारातच उभी. आत येईना, बाहेर जाईना.

बोळा बसलेल्या गाईपाशी आला. इतक्या वर्षांत तिचा रंग विरून पातळ झाला होता. तांबूस पोटाआडून लालभडक काहीतरी डोकावत होतं.

“आई, खाली दुसरंच काही आहे. वरचा रंग काढून बघू?”

“नको! तेवढी सोड.”

“एका गाईला किती जपशील? बिघडली तर नवी काढून देईन, चांगली चरणारी!”

आई हसली नाही. लेकीने बोळा हलकेच फिरवला. लाल झालर दिसली आणि झालरीखाली एक इवलंसं पाऊल.

आईने जवळ येऊन लेकीचं मनगट धरलं.

“तुझी ताई आहे ती. तू व्हायच्या आधीच गेली. मला बघवेना, म्हणून वर गाय काढली. ती गवतात बसली होती ना, मग गायही बसलेलीच काढावी लागली गं.”