पाच नंबरचा माग

"तिसऱ्या ठोक्याला तू दर वेळी उशिरा येतोस," रेकॉर्डिस्ट मला म्हणाला. "काळजी नको, कॉम्प्युटरवर सरळ करून टाकतो."

मी ड्रमच्या स्टिक्स मांडीवर ठेवल्या. कानठळ्या बसवणाऱ्या आमच्या हार्डकोर रॉक बँडचा हा शेवटचा अल्बम. अठरा वर्षं आम्ही इचलकरंजीत, माझ्या वडिलांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये बोंबलत होतो. मागांच्या त्या खडखडाटात आमच्या आवाजाची तक्रार करणार कोण? गेल्या महिन्यात माग भंगारात गेले, शेड विकली गेली, बँडही संपला. आणि इतकी वर्षं मी चुकीचं वाजवत होतो, हे आता पुण्यातल्या या गपगार खोलीत कळत होतं.

माझे वडील, अण्णा, माझ्या पाठीमागं खुर्चीत बसले होते. आमचं एकही गाणं त्यांनी धड ऐकलेलं नव्हतं. माग चालू असला की त्यांचं सगळं लक्ष इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याकडं. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

"लई आवाज हाय अण्णा. सोसंल का?"

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा पाय हलू लागला आणि तिसऱ्या ठोक्याला बरोब्बर माझ्यासारखाच अडखळला.

"पाच नंबरचा माग हाय ह्यो," ते म्हणाले. "असाच लंगडत चालायचा. चार मिस्त्री झाले, पण सरळ काय झाला नाही."

मग हेडफोन न काढताच ते रेकॉर्डिस्टकडं वळले.

"तुम्ही बी हात लावू नका."